सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घरी कसं भरवायचं: खास खुर्ची, मदतनीस, मोकळा वेळ यांतलं काहीच हाताशी नसताना

मुलाला मांडीवर आडवं घ्यायचं, मान दंडावर टेकवायची, तोंड वर करायचं आणि पातळ केलेलं अन्न चमच्याने आत सोडायचं. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे अंगाच्या हालचालींवर ताबा कमी असणं. असं मूल असलेल्या घरात बहुतेक वेळा हीच पद्धत दिसते, आणि ती का पडते तेही कळतं. असं भरवलं की सांडत नाही, लवकर आटोपतं आणि कामावर निघायची वेळ गाठता येते. पण मान मागे गेली की गिळताना श्वासनलिका नीट बंद होणं अवघड जातं. घास गिळला जात नाही, नुसता ओघळतो, आणि त्यातला थोडा छातीत उतरतो. मग कफ, ताप, दवाखाना, बुडालेला रोज. सकाळी वाचवलेली वीस मिनिटं अशी वसूल होतात.

हा लेख साधारण १ वर्षाच्या वरच्या, तोंडाने खाणाऱ्या, पण मान किंवा अंग स्वतः सावरता न येणाऱ्या मुलांसाठी आहे. पायऱ्या आहेत त्याच क्रमाने घ्या. जवळजवळ सगळ्या आया पहिला प्रश्न चमच्याबद्दल विचारतात. मीही पूर्वी चमच्यापासूनच सुरुवात करायचे. आता आधी मुलाचे पाय कुठे टेकलेत ते बघते.

सुरू करण्याआधी: इथे थांबायचं का?

खालचं काही होत असेल तर घरच्या घरी प्रयोग करू नका. आधी डॉक्टर किंवा स्पीच थेरपिस्टला दाखवा. गिळण्याच्या अडचणी स्पीच थेरपिस्टच तपासतात. मूल बोलत नसलं तरी त्यांच्याकडेच जायचं.

– जेवताना ओठ किंवा नखं निळसर पडतात, श्वास लागतो.
– जवळजवळ प्रत्येक जेवणाला ठसका लागतो.
– छातीत कफ होऊन पुन्हा पुन्हा औषधं घ्यावी लागतात.
– वजन घटतंय, किंवा कित्येक महिने आहे तिथेच आहे.

भेट मिळेपर्यंत पायरी २ मधलं बसवणं सुरू करायला हरकत नाही.

सावधान: ठसका लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरू नका. काही मुलांच्या घशाला जाणीव कमी असते. अन्न श्वासनलिकेत गेलं तरी त्यांना खोकला येतच नाही. अशा वेळी खुणा वेगळ्या असतात: घासानंतर डोळ्यांत पाणी येणं, चेहरा लाल होणं, आवाज ओला किंवा घरघरता होणं, आणि कारण सापडत नाही असा अधूनमधून येणारा ताप. यातलं काही दिसत असेल तर तेही वरच्या यादीतच धरा.

पायरी १: एक जेवण नुसतं बघा

काही बदलायच्या आधी आज काय होतंय ते नोंदवून ठेवा. नाहीतर पंधरा दिवसांनी फरक पडला की नाही, हे अंदाजानेच सांगावं लागेल.

१. नेहमीसारखं भरवा आणि कोणाला तरी मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा. तो समोरून नको, बाजूने हवा. मान मागे जाते का, हनुवटी कुठे असते, हे बाजूनेच कळतं. हाच व्हिडिओ पुढे थेरपिस्टला दाखवायचा. दवाखान्यात गेल्यावर मूल घाबरून तोंडच उघडत नाही आणि फेरी वाया जाते. व्हिडिओ असला की ती वाचते.

२. वहीत चारच गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झालं, किती वेळ लागला, किती खाल्लं, कितीदा ठसका लागला.

३. वजन करा. उभं राहता न येणाऱ्या मुलाचं वजन साध्या काट्यावरही होतं. आधी त्याला कडेवर घेऊन तुम्ही उभ्या राहा, मग एकट्या, आणि दोन आकड्यांतला फरक लिहून ठेवा. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत.

मूल ६ महिने ते ५ वर्षांचं असेल आणि दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. मग हा लेख बाजूला ठेवा आणि आधी आरोग्य केंद्र गाठा.

पायरी २: बसवणं

निम्म्याहून जास्त काम इथेच आहे, त्यामुळे पहिला आठवडा याच पायरीला दिला तरी चालेल.

बसवताना बहुतेक जण मान धरण्यापासून सुरुवात करतात, आणि तीच चूक होते. बूड पुढे घसरलं की पाठ गोल होते, पाठ गोल झाली की हनुवटी वर जाते. मग मान कितीही धरा, ती मागेच पडते. म्हणून खालून वर या, मान सगळ्यात शेवटी.

*बूड:* पार मागे टेकलेलं, दोन्ही बाजूंना सारखा भार. कंबरेत साधारण काटकोन. अंग ताठ करून मागे झेपावणारं मूल असेल तर गुडघे कंबरेपेक्षा थोडे वर येऊ द्या, ताठरपणा सैल पडतो.

*मांड्या:* गुडघ्यांच्या अलीकडे, मांडीखाली घट्ट गुंडाळलेल्या कापडाची वळकटी ठेवा. बूड पुढे घसरायचं थांबतं. तरी घसरत असेल तर रुंद कापडी पट्टा मांडी आणि पोटाच्या घडीवरून घेऊन खाली-मागे बांधा.

*पाय:* लोंबकळता कामा नयेत. लाकडी पाट, विटा, पुठ्ठ्याचं भरलेलं खोकं, काहीही चालेल, पण तळवा पूर्ण टेकायला हवा. पाय अधांतरी असले की मूल सगळं बळ स्वतःला सावरण्यात घालवतं, गिळायला काही उरत नाही.

*धड आणि हात:* एका बाजूला कलत असेल तर बगलेखाली, बरगड्यांच्या बाजूला टॉवेलची गुंडाळी. दोन्ही हात पुढे आणा, जमलं तर समोर काहीतरी ठेवून त्यावर टेकवा. खांदे मागे ओढलेले असले की मानही मागे जाते.

*मान:* आता बघा. डोकं मधोमध, हनुवटी किंचित खाली. छातीला चिकटवायची नाही, नाहीतर गिळताच येत नाही.

सावधान: डोक्याच्या मागून पुढे ढकलू नका. मागून दाब आला की बरीच मुलं उलट मागे जोर करतात. आधार खांद्यांना द्या. पट्टा पोटावर किंवा छातीवर बांधू नका, आणि बांधलेल्या मुलाला एकटं सोडून उठू नका.

कशावर बसवायचं ते मुलाच्या आकारावर ठरतं. विकतची खुर्ची नसली तरी अडत नाही.

लहान मूल असेल तर तुम्ही भिंतीला टेकून बसा, गुडघे वर घ्या आणि त्याची पाठ तुमच्या मांड्यांवर टेकवा. त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. दोघं समोरासमोर येता आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. आडव्या मांडीची सवय असलेल्या आयांना हा बदल त्यातल्या त्यात सोपा जातो.

मांडीत न मावणाऱ्या मुलाला भिंतीच्या कोपऱ्यात बसवा. दोन भिंती खांदे आपोआप पुढे आणतात. फक्त पाय लांब करून जमिनीवर बसवू नका. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असले तर ते कंबर मागे ओढतात आणि पाठ गोल होते. खाली घट्ट घडी घातलेलं कांबळं किंवा बुटकं स्टूल ठेवा, म्हणजे गुडघे वाकतील.

मोठ्या मुलाला साधी खुर्ची चालते. ती खोल पडत असेल तर पाठीमागे उशा कोंबा. उशी मऊ नको, दाबली तर न दबणारी हवी. मऊ उशीत मूल रुतत जातं आणि दहा मिनिटांत सगळी बैठक बिघडते.

तपासा: नीट बसवल्यावर काही न भरवता पाच मिनिटं तसंच ठेवा. बूड सरकलं का? लाळ गिळताना दिसते का? मूल रडतंय की शांत आहे? बैठक जमली की बाजूने एक फोटो काढून ठेवा, तो पुढे लागणार आहे. रोज अर्धा तास तरी याच बैठकीत बसवून खेळवा. जेवणाच्या वेळीच ती पहिल्यांदा दिसली तर मूल भांडतं.

पायरी ३: अन्नाचा दाटपणा

पातळ केलं की गिळायला सोपं जातं, हा समज फार पक्का आहे. खरं तर पातळ पदार्थ तोंडात सगळ्यात वेगाने पळतात. ज्या मुलाची जीभ आणि घसा हळू चालतात, ते तयार व्हायच्या आतच पदार्थ घशात पोचलेला असतो. दाट, एकजीव लगदा हळू सरकतो.

गिळण्याची अडचण असलेल्यांसाठी जगभर आयडीडीएसआय नावाची ० ते ७ अशी पट्टी वापरतात. ० म्हणजे पाणी, ७ म्हणजे नेहमीचं जेवण. चावता न येणाऱ्या मुलांना बहुधा पातळी ४ सांगतात, म्हणजे गुठळी नसलेला दाट लगदा. थोडंफार चघळणाऱ्यांना ५, म्हणजे ओलसर, बारीक कुस्करलेलं. थेरपिस्टने आकडा सांगितला असेल तर तोच धरा. घरी तपासायला खायचा काटा पुरतो:

१. काट्यावर थोडं अन्न घ्या. पातळी ४ चं अन्न ढिगासारखं वर राहतं. काट्याच्या फटींतून छोटं टोक लोंबलं तर चालेल, सतत गळत राहिलं तर ते पातळ आहे.

२. चमच्यात घेऊन चमचा तिरपा करा. गोळा आकार धरून सहज घसरायला हवा. चमच्यालाच चिकटून बसला तर तो तितकाच चिकट टाळूला आणि घशातही राहणार.

३. पातळी ५ मध्ये लहान मुलांसाठी कण साधारण २ मिलिमीटरचे हवेत. काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण ४ मिलिमीटर असते, म्हणजे त्याच्या निम्मे.

मिक्सर नसेल तर नेहमीपेक्षा जास्त शिजवा, गरम असतानाच कुस्करा आणि चाळणीतून दाबून काढा. भात, बटाटा यांचा लगदा थंड होताना घट्ट होतो, त्यामुळे काट्याची परीक्षा भरवायच्या वेळी घ्या. अर्ध्या जेवणात पुन्हा एकदा बघा.

नेहमीची चूक: लगदा सैल करायला पाणी ओतणं. वाटी तेवढीच दिसते, पण आतलं पोषण कमी होतं, आणि जेमतेम एक वाटी खाणाऱ्या मुलाला ते परवडत नाही. पाण्याऐवजी दूध किंवा दाट डाळ घाला. वर एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल घातलं तर साधारण ४० किलोकॅलरी वाढतात आणि घास एकही वाढत नाही. अंडं, दही, बारीक वाटलेल्या दाण्यांचं कूटही लगद्यात मिसळून जातं. आधी कधी दिलेलं नसेल तर थोड्यापासून सुरुवात करा.

पातळ पाण्यात तरंगणारे कण सगळ्यात फसवे असतात, कारण तोंडाला एकाच वेळी दोन कामं पडतात: पाणी आवरायचं आणि कण चावायचे. कोरडा चुरा होणारे पदार्थ, अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊच नका.

पायरी ४: घास

भरवायच्या आधी मूल पूर्ण जागं आहे ना, बघा. रडताना, खदखदून हसताना भरवू नका. फिट येऊन गेली असेल तर ते पूर्ण भानावर येईपर्यंत थांबा, जेवणाची वेळ टळली तरी चालेल.

१. समोर बसा. तुमचे डोळे मुलाच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडे खाली. तुम्ही उभ्या असाल तर मूल वर बघणार आणि सगळी बैठक वाया जाणार.

२. चमचा छोटा आणि उथळ घ्या, जाड प्लॅस्टिकचा. एकदा वापरून टाकायचे पातळ चमचे नकोत, दाताखाली तुटतात. घास अर्ध्या छोट्या चमच्याएवढा.

३. चमचा दाखवा, सांगा, मग समोरून आणि किंचित खालून आणा. वरून आणलेला चमचा मान वर उचलायला लावतो.

४. चमचा जिभेच्या मध्यावर ठेवून हलकासा खाली दाबा आणि थांबा. ओठ मिटू द्या. मग सरळ बाहेर काढा. वरच्या दातांना घासून अन्न आत पाडायची सवय मोडा. तसं केलं की ओठांना मिटायचं कारणच उरत नाही.

५. गळ्याकडे बघा. गिळल्याची हालचाल दिसल्याशिवाय पुढचा घास नाही. बऱ्याच मुलांना एका घासाला दोनदा गिळावं लागतं.

जबडा मिटत नसेल तर हाताने आधार देता येतो. समोरून अंगठा हनुवटीवर, खालच्या ओठाच्या खाली. तर्जनी जबड्याच्या कडेने. मधलं बोट हनुवटीखाली. आधार स्थिर ठेवायचा, तोंड उघड-मीट करायचं नाही. मधलं बोट हाडावर हवं, मऊ भागावर दाबलं तर जीभच अडते. एकदा थेरपिस्टकडून हात धरून शिकून घेतलं तर उत्तम, कारण वाचून हे पूर्ण जमत नाही.

जीभ अन्न बाहेर ढकलत असेल तर घास मधे न ठेवता गालाच्या बाजूला, दाढांजवळ ठेवून बघा. बाहेर येणं म्हणजे दर वेळी नकोच आहे असं नसतं. पण तोंड फिरवणं, डोळे मिटून घेणं म्हणजे नको, आणि ते मानायचं. न बोलणाऱ्या मुलाचं हेच बोलणं.

सावधान: मुलाने चमचा दातांत घट्ट पकडला तर ओढू नका. ओढलं की पकड आणखी घट्ट होते. चमचा सोडून द्या, डोकं किंचित पुढे आणा आणि वाट बघा. नाक दाबून तोंड उघडायला लावणं, गळा चोळून गिळवणं, घास तोंडात असताना वर पाणी ओतणं, ही तिन्ही कामं घरातल्या मोठ्यांनी सांगितली तरी करायची नाहीत.

पायरी ५: पाणी आणि औषध

घरातला प्लॅस्टिकचा पेला घ्या आणि एका बाजूने काठ नाकाएवढा, इंग्रजी यू अक्षरासारखा कापा. कडा घासून गुळगुळीत करा. न कापलेली बाजू खालच्या ओठावर टेकवायची, कापलेली नाकाकडे. नाक अडत नाही, मान मागे न नेता पिता येतं आणि पाणी कुठवर आलं ते तुम्हाला दिसतं. एक घोट, थांबा, मग दुसरा. बाटली दाबून किंवा सिरिंजने घशात पिचकारी मारू नका.

पाण्याने ठसका लागत असेल तर ते दाट करायचं का आणि किती, हे थेरपिस्टला विचारून ठरवा. भीतीने पाणीच कमी करणं मात्र फार होतं. गडद, थोडी लघवी आणि खडा होणं ही त्याची खूण. बद्धकोष्ठ झालेलं मूल जेवत नाही आणि आपण चूक चमच्यात शोधत बसतो.

गोळी कुटून द्यायच्या आधी डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारा. फिटवरच्या काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुटायच्या नसतात. औषध अख्ख्या वाटीत मिसळू नका. एका घासात द्या, नाहीतर कडू चवीमुळे मूल सगळं जेवणच नाकारायला लागतं.

पायरी ६: जेवणानंतरचा अर्धा तास

निदान ३० मिनिटं मूल बसलेलंच हवं. म्हणून लंगोट बदलणं, कपडे घालणं, आडवं करावी लागणारी सगळी कामं जेवणाआधी उरका. क्रम एवढा बदलला तरी उलटीचं प्रमाण कमी होऊ शकतं.

मग गालांच्या आतून बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं फिरवून उरलेलं अन्न काढा. मूल चावत असेल तर बोट घालू नका, मऊ ब्रश वापरा. दिवसातून दोनदा दात घासलेच पाहिजेत. तोंडातले जंतू लाळेबरोबर छातीत जातात.

घास अडकला तर

जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पुढे झुकवा, पाणी देऊ नका. खोकला बिनआवाजाचा झाला, श्वास येत नसेल, तर मदतीला हाक मारा आणि पुढे झुकवून दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने ५ जोरदार थापा द्या. निघालं नाही तर १ वर्षावरच्या मुलाच्या मागून हात घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा आणि आत-वर असे ५ झटके द्या. पुन्हा ५ थापा, पुन्हा ५ झटके. वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नाहीत, छातीच्या मध्यावर दाब द्यायचा. दिसत नसलेल्या घासासाठी तोंडात बोट फिरवू नका, तो आणखी आत जातो. शुद्ध हरपली तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि शिकलेलं कोणी असेल तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा.

पायरी ७: हे सगळं दिवसात बसवायचं कसं

एक जेवण ३० मिनिटांच्या पुढे नेऊ नका. त्यानंतर मूल थकलेलं असतं आणि थकलेलं मूल चुकीचं गिळतं. उरलेलं दोन तासांनी द्या. तीन मोठ्या जेवणांपेक्षा पाच-सहा छोटी बरी, पण कामावर जाणाऱ्या बाईला सहा वेळा भरवणं जमणार नाही, हे मलाही माहीत आहे. सकाळचं आणि रात्रीचं जेवण पूर्ण पद्धतीने करा आणि मधल्या वेळेसाठी घरातलं एक मोठं माणूस तयार करा. त्यासाठीच तो फोटो: बसवायच्या जागी भिंतीवर लावा आणि खाली चार ओळी लिहा. पाय टेकलेले. हनुवटी खाली. अर्धा चमचा. गिळल्यावर पुढचा. धाकट्या-थोरल्या भावंडांनी खेळवावं, गोष्ट सांगावी, पण एकट्याने भरवू नये.

तुमची पाठ दुखत असेल तर तुम्ही वाकून भरवताय. मुलाला उंच करा, किंवा तुम्ही खाली बसा.

दोन आठवड्यांनी

पुन्हा बाजूने तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि पहिल्याशेजारी ठेवून बघा. ठसके कमी झाले का, आवाज कोरडा राहतो का, जेवण अर्ध्या तासात होतं का? महिन्याने वजन. यातलं काही सुधारलं तर दाटपणा किंवा घासाचा आकार बदलायचा विचार करा, पण एका वेळी एकच, आणि थेरपिस्टला विचारून.

सगळं नीट करूनही वजन वाढत नसेल किंवा छाती भरत राहिली, तर डॉक्टर नाकातून किंवा थेट पोटात घातलेल्या नळीने भरवायचं सुचवतील. ऐकताच "माझंच काहीतरी चुकलं" असं म्हणून बऱ्याच आया पुढच्या भेटीला जातच नाहीत. जा. दोन्ही व्हिडिओ आणि वही बरोबर न्या, आणि विचारा: नळी तात्पुरती की कायमची, तोंडाने चवीपुरतं देता येईल का, घरी तिची निगा कशी राखायची, आणि ती निघाली तर रात्री कोणाला फोन करायचा.